‘मी येतो’ म्हणायला परत शिकताना : आनंदाचा रोजचा सराव

आमच्या बेळगाव भागात बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. आजी तसंच बोलायची, आई अजून तसंच बोलते. मीही बाई आहे आणि हा लेख तसाच लिहितो आहे. का, ते पुढं कळेल.

नोकरीसाठी पुण्याला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी पिशवी उचलून ‘चला, मी निघतो’ म्हणालो आणि अख्खी खोली हसली. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता, हे आता कळतं. तेव्हा मात्र पुढचे चार महिने प्रत्येक वाक्य आधी मनात घोळवायचं, ‘निघतो’चं ‘निघते’ करायचं आणि मग तोंड उघडायचं, असं चाललं. एवढी कसरत करून बोलायचं म्हटल्यावर बोलणंच कमी झालं. डबा कोपऱ्यात बसून खायची सवय लागली. रात्री खोलीवर आलं की थकवा यायचा आणि तो कामाचा नसायचा.

त्या दिवसांत कुणीतरी सांगितलं म्हणून आरशावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ‘मी आत्मविश्वासाने भरलेली आहे.’ ‘मी आनंदी आहे.’ रोज सकाळी वाचायचो आणि आतून लगेच उत्तर यायचं, ‘खोटं.’ दिवसाची सुरुवातच भांडणानं व्हायची. पुढं वाचनात आलं की कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मानसशास्त्राच्या प्रयोगात नेमकं हेच तपासलं होतं. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य घोकल्यावर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना त्या वाक्याची खरी गरज होती, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. हे वाचून मला रडू आलं होतं. मी कमी पडलो नव्हतो, औषधच चुकीचं होतं.

म्हणून या लेखात गोड वाक्यं पाठ करायला सांगणार नाही. सकारात्मक विचार म्हणजे आपल्याच मनातल्या वाक्याची नीट चौकशी करणं, असं मी धरतो. आणि स्वतःसारखं राहणं म्हणजे लपवण्यात जाणारी ताकद परत मिळवणं. दोन्ही सरावानं येतात.

सुरू करायच्या आधी

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर पुढं सांगितलेला वहीचा सराव पुरेसा नाही. ते आजारपण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिथं मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. आपल्या जवळ धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, जिल्हा रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञ भेटतात. आपल्याकडं अजून ‘धारवाडला नेलं’ असं कुणाबद्दल म्हटलं की आवाज खाली जातो. तो आवाज खाली जाऊ देऊ नका. दम्यासाठी डॉक्टरकडं जातो तसंच हे आहे.

पहिली पायरी : वाक्य जसं आलं तसं पकडा

शंभर पानी साधी वही घ्या. सात दिवस फक्त एवढंच करायचं : मन अचानक खाली गेलं की वेळ, काय घडलं आणि त्या क्षणी मनात आलेलं वाक्य लिहायचं. सुधारायचं नाही, उत्तर द्यायचं नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या १९६०च्या दशकात लक्षात आलं की उदास माणसांच्या मनात काही वाक्यं आपोआप, विजेसारखी चमकून जातात. माणसाला वाक्य जाणवत नाही, नंतर आलेलं जड वाटणं तेवढं जाणवतं. आज जी विचार-वर्तन उपचारपद्धती जगभर वापरतात तिची सुरुवात या निरीक्षणातून झाली. म्हणून आधी पकडायचं ते वाक्य.

आणि इथं आपल्या भागातल्या माणसानं एक काळजी घ्यायची. वाक्य ज्या बोलीत आलं त्याच बोलीत लिहा. माझ्या मनात ‘मला न्यूनगंड वाटत आहे’ असं कधीच आलं नाही. आलं ते असं : ‘माझं बोलणं ऐकून परत हसतील की.’ मनात कन्नड शब्द आला तर कन्नड शब्द लिहा, शिवी आली तर शिवी. वही कुणाला दाखवायची नाही. पुस्तकी मराठीत लिहायला गेलात की वाक्याची धार जाते आणि मग त्याच्याशी झुंजता येत नाही.

लिहायला जमत नसेल तर फोनवर स्वतःचा आवाज टिपून ठेवा. बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या माझ्या एका काकू तसंच करतात. मागाच्या खडखडाटात लिहायचं कुठं? जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन दोन वाक्यं बोलतात.

सात दिवसांनी वाचलंत तर एक गोष्ट बहुतेकांना दिसते. वाक्यं वीस-पंचवीस नसतात. दोन-तीनच असतात, वेगवेगळे कपडे घालून येतात.

दुसरी पायरी : वाक्याची उलटतपासणी

हीच पायरी सगळ्यात जास्त वेळ घेते, म्हणून एका खऱ्या उदाहरणानं सांगतो.

माझा मावसभाऊ खानापूर तालुक्यातला, चिकोडीकडच्या एका बँकेत लागला. पहिल्या महिन्यात काउंटरवर एका गिऱ्हाइकानं विचारलं, ‘कन्नड बरंगिल्लेन्री?’ कन्नड येत नाही का हो. त्यानं वहीत लिहिलं : ‘मी इथला नव्हेच. कायम असंच होणार.’ दोन दिवस तो कुणाशी नीट बोलला नाही.

आम्ही घरच्या पायरीवर बसून तीन प्रश्न घेतले.

पहिला : कॅमेरा असता तर त्यात काय दिसलं असतं? दिसलं असतं एवढंच की एका वयस्कर माणसानं चलन पुढं केलं, भावाला त्यातला एक शब्द वाचता आला नाही आणि त्या माणसानं एक प्रश्न विचारला. ‘मी इथला नव्हे’ हे कॅमेऱ्यात नाही. ते भावानं नंतर जोडलं. घटना वेगळी आणि आपण तिला दिलेला अर्थ वेगळा, हा फरक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी त्यांच्या पद्धतीच्या मध्यभागी ठेवला होता. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. वाचायला सोपं वाटतं, पण स्वतःच्या बाबतीत हा फरक दिसायला मला काही महिने लागले.

दुसरा : वाक्यात ‘कायम’, ‘कधीच’, ‘सगळे’, ‘कुणीच’ यांतला शब्द आहे का? असला तर तो खोडा आणि त्या जागी खरा आकडा घाला. भावानं मोजलं. त्या महिन्यात असा प्रश्न तीनदा आला होता. शेकडो गिऱ्हाइकांत तीनदा.

तिसरा : हेच जवळच्या मित्रानं सांगितलं असतं तर त्याला काय म्हणाला असतास? यावर तो हसला आणि म्हणाला, ‘म्हटलो असतो, तू बोलतोस की कन्नड, वाचायचंच तेवढं राहिलंय.’

हेच त्याचं नवं वाक्य झालं. ‘मला कन्नड बोलता येतं, वाचन कच्चं आहे, ते सहा महिन्यांत सुधारेल.’ यात कौतुक नाही, आरती नाही. पण मन याला ‘खोटं’ म्हणू शकत नाही. नव्या वाक्याची कसोटी एवढीच. वाक्य एकदा मनात म्हणून बघा. आतून विरोध झाला तर वाक्य लहान करा. ‘मी उत्तम बोलतो’ पचत नसेल तर ‘आज मी दोघांशी बोललो’ घ्या. तेही खरं आहे आणि पोटाला झेपतं.

दोन वेळा मात्र ही उलटतपासणी थांबवायची. एक, वाक्य खरंच निघालं तर. वाचन कच्चं होतंच. मग तो विचाराचा प्रश्न उरत नाही, कामाचा होतो. भावानं शेजारच्या शाळकरी मुलाकडून कन्नड बाराखडी शिकायला घेतली. दोन, समोरच्यानं खरोखर अपमान केला असेल तर. तेव्हा राग येणं बरोबर आहे. त्या रागावर सकारात्मकतेचं पाणी ओतू नका. तो योग्य माणसासमोर, शांत आवाजात, स्पष्ट बोलून दाखवा. अन्याय सोसायला शिकवणाऱ्या विचाराला मी सकारात्मक म्हणत नाही.

तिसरी पायरी : आपलं कुठलं आणि चिकटवलेलं कुठलं

आपण सीमाभागातली माणसं दिवसात तीन-चारदा बोली बदलतो. घरात मराठी, कचेरीत कन्नड, खडेबाजारात कापडवाल्याशी दख्खनी वळणाची हिंदी, खानापूरच्या पुढं पाहुण्यांकडं गेलं तर कोकणी. बरेच जण मला विचारतात, मग यातला खरा मी कुठला?

माझं उत्तर असं की बोली बदलणं म्हणजे खोटं वागणं नव्हे. समोरच्याच्या घरात शिरताना चपला काढतो तेवढंच ते आहे. खोटेपणा तिथं सुरू होतो जिथं आपण काहीतरी लपवायला लागतो आणि लपवल्याचं सतत भान ठेवायला लागतं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सांगितलेलं इथं उपयोगी पडतं : आपण आतून जे अनुभवतो आणि बाहेर जे दाखवतो त्यांतलं अंतर जितकं वाढतं तितकी बेचैनी वाढते. पुण्यात माझं हेच झालं होतं. प्रमाण मराठी बोलण्याचा त्रास नव्हता, पकडले जाऊ याचा होता.

तेव्हा वहीच्या मधल्या पानावर हे करा. आठवड्यात जिथं जिथं जाता त्या जागा लिहा : घर, सासर, कामाची जागा, गल्लीतलं मंडळ, नातेवाइकांचा व्हॉट्सॲप गट. प्रत्येकापुढं लिहा, इथं मी काय लपवतो? बऱ्याच ठिकाणी ‘काही नाही’ असं येईल. एक-दोन ठिकाणी हात अडेल. कुणी तिथं आपलं गाव लपवतं, कुणी वडिलांचा धंदा, कुणी आपल्याला मुलंबाळं नकोत हे, कुणी फक्त एवढंच की आपल्याला गर्दीतले कार्यक्रम आवडत नाहीत.

मग त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट निवडा आणि सगळ्यात सुरक्षित माणूस निवडा. आधी माणूस, नंतर जागा, शेवटी गर्दी, हा क्रम मोडू नका. माझी सुरुवात खानावळीच्या मावशींपासून झाली. एक दिवस मुद्दाम न तपासता म्हणालो, ‘मावशी, येतो मी.’ त्यांनी ताट पुसता पुसता विचारलं, ‘कोल्हापूरकडची का गं?’ म्हटलं, बेळगावची. ‘मग कुंदा आण की पुढच्या खेपेला.’ बास. चार महिने ज्याला घाबरलो होतो ते एवढंच होतं. पुढच्या खेपेला अर्धा किलो कुंदा नेला. निम्मा मावशींना दिला, निम्मा ऑफिसात, आणि डबा उघडताना ठरवून म्हणालो, ‘मी घरून आणलोय.’ कुणीतरी हसलं. या वेळी मीही हसलो, कारण मला ते लपवायचं नव्हतं.

प्रत्येकाचा अनुभव एवढा सरळ नसतो हेही सांगतो. काही गोष्टी उघड केल्या तर नोकरी जाऊ शकते, घरात मार बसू शकतो. तिथं थांबणं हा शहाणपणा आहे, भित्रेपणा नव्हे. एकच विश्वासाचा माणूस शोधा आणि त्याच्यापाशी खरं बोला. आणि ‘मी असाच आहे’ म्हणून तोंडाला येईल ते दुसऱ्याला बोलणं, याचा स्वतःसारखं राहण्याशी काही संबंध नाही.

चौथी पायरी : हातातलं आणि हाताबाहेरचं

मामांची भातशेती बेळगावजवळ येळ्ळूर शिवारात आहे. बळ्ळारी नाला फुगला की पीक पाण्याखाली जातं. ऑगस्ट २०१९च्या पुरात जिल्हाभर जे झालं ते सगळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून जूनची पहिली सर आली की मामांची झोप उडायची. आम्ही वहीच्या पानावर मध्ये रेघ मारली. डावीकडं हाताबाहेरचं : पाऊस किती, नाला कधी फुगणार, नाल्याचं काम कधी होणार. उजवीकडं हातातलं : बांधाची डागडुजी, शेताचे फोटो आणि उतारा तयार ठेवणं म्हणजे पंचनाम्याच्या वेळी धावपळ नको, भातानंतरच्या मसूर-वाटाण्याचं बी बाजूला काढणं.

पान बघून काळजी गेली का? नाही. पण तिला वेळ ठरवून दिली. संध्याकाळच्या चहानंतर पंधरा मिनिटं, वही घेऊन, फक्त काळजी. रात्री दोन वाजता ती आली तर तिला सांगायचं, ‘उद्या चहानंतर.’ पहिल्या आठवड्यात ऐकत नाही. मामांना तिसऱ्या आठवड्यापासून फरक पडला. अजूनही पावसाची मोठी रात्र असली की ते उठून बसतात, पण रोज नाही.

आता मोठी गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून सीमाप्रश्नाची सल घराघरात आहे. महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझे आजोबा वाट बघत गेले. अशा माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणं म्हणजे त्याच्या दुःखाचा अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं. दुःख खरं आहे, ते डाव्या रकान्यात पूर्ण मानानं लिहा. पण उजवा रकाना रिकामा सोडू नका. मुलाबरोबर रोज वीस मिनिटं मराठी वाचणं हातात आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कारदगा इथं गावकरी स्वतः राबून साहित्य संमेलनं भरवतात. तिथं एक दिवस सतरंज्या घालायला जाणं हातात आहे. आपल्या जमिनीचा उतारा दुसऱ्याच्या मदतीशिवाय वाचता येईल इतकं कन्नड शिकणंही हातात आहे, आणि त्यानं आपली मराठी एका अक्षरानंही कमी होत नाही. आजोबा गेले त्या वर्षी मी उजव्या रकान्यात पहिली ओळ लिहिली.

पाचवी पायरी : रात्रीच्या तीन ओळी

ही सोपी आहे. झोपण्याआधी त्या दिवशी घडलेल्या तीन बऱ्या गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढं ती का घडली ते लिहा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक आठवडा हे करणाऱ्यांना सहा महिन्यांनीही फरक जाणवत होता, विशेषतः ज्यांनी ते आपणहून पुढं चालू ठेवलं त्यांना.

‘कुटुंब, आरोग्य, देवाची कृपा’ असं रोज लिहिलंत तर चौथ्या दिवशी कंटाळा येईल. बारीक लिहा. माझ्या वहीतली एक रात्र : ‘दिवसभर पाऊस, पण गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर गरम भजी-चिरमुरे मिळाले. का? मैत्रिणीनं हाक मारली आणि मी नको म्हणालो नाही.’ हा ‘का’ महत्त्वाचा. त्यात आपला हात कुठं होता ते दिसतं. आठवडा झाला की रोजचं सोडून आठवड्यातून दोनदा करा, म्हणजे शिळं होत नाही.

सहावी पायरी : मन येईपर्यंत थांबू नका

मन लागलं की फिरायला जाईन, असं म्हणत आपण बसतो. उदास मनाच्या बाबतीत क्रम उलटा चालतो : आधी पाय हलतात, मागून मन येतं. पण नुसतं ठरवून होत नाही. छान चित्र डोळ्यापुढं रंगवत बसलं तर प्रयत्न कमी होतात, हे मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या संशोधनात दिसलंय. चित्राबरोबर अडचणही डोळ्यापुढं आणायची आणि तिच्यासाठी ‘जर-तर’ वाक्य तयार ठेवायचं. माझं असं आहे : ‘सकाळी साडेसहाला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दोन फेऱ्या. जर पाऊस असेल, तर घरातच गाणी लावून वीस मिनिटं. जर रात्री उशीर झाला असेल, तर संध्याकाळी भाजी आणायला चालत जायचं.’ आपल्याकडचा पावसाळा चार महिने चालतो. ‘जर पाऊस’ हे वाक्य नसलेली योजना जूनमध्येच वाहून जाते.

आठवड्यातून एकदा एका माणसाला कारण नसताना फोन करा किंवा भेटा. हार्वर्डमध्ये १९३८पासून माणसांच्या आयुष्याचा जो अभ्यास चालू आहे त्यात जवळची, भरवशाची नाती असणारी माणसं अधिक समाधानी आणि निरोगी राहिलेली दिसली. कट्ट्यावर बसणारी आपली माणसं ते कधीपासून करत आली आहेत.

वही चुकली तर

चुकणारच. लग्नसराई येते, सुगी येते, घरात कुणी आजारी पडतं. माझी वही एकदा सलग दीड महिना बंद होती. राहिलेली पानं भरून काढायला बसू नका आणि का चुकलं याचा निबंधही लिहू नका. आजची तारीख घाला आणि आज मनात आलेलं पहिलं वाक्य, तुमच्या घरात बोलतात तसं, लिहा.